हाली आणि कलदार : वर्धा नदीच्या दोन काठांवरचा रुपया

प्रस्तावना

शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. निजामाच्या राज्यात आणि त्या राज्याच्या शिवेवर हा भाव सराफाला, पाटलाला आणि शाळा शिकलेल्या पोरांनाही पाठ असे. कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया, हाली म्हणजे हैदराबाद सरकारचा. आज चंद्रपूर जिल्ह्यात हा भाव तोंडावर असलेली माणसं ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढची आहेत. ती गेली की हा आकडा जुन्या कागदांत तेवढा उरेल, आणि तो वाचणाऱ्याला त्याचा अर्थ सांगणारं कुणी राहणार नाही. हे पुस्तक लिहिण्याचं मुख्य कारण ते आहे.

मोहर्लीहून निघावं, चंद्रपूर ओलांडावं, बल्लारपूर मागं टाकावं, की वर्धेचा पूल येतो. पुलापलीकडे राजुरा. आज हे सगळं एकाच जिल्ह्यात आहे, म्हणून पूल ओलांडताना काही बदललं असं वाटत नाही. पण ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत पलीकडचा राजुरा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबरच्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात नांदेड जिल्ह्याला जोडला गेला, आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला. आजचे कोरपना आणि जिवती हे तालुके त्याच जुन्या राजुऱ्याचे भाग. अलीकडे मध्यप्रांत, पलीकडे निजामाचं राज्य, आणि वायव्येला वर्धा-पैनगंगेच्या संगमाजवळ तिसरा प्रांत वऱ्हाड. वढ्याच्या संगमावर उभं राहिलं तर पूर्वी तीन कारभार एका नजरेत येत असत.

या काठावर आठ आणे आणि त्या काठावर आठ आणे ही एकच किंमत नव्हती. नाव तेच, मोजदाद तीच, सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैचा आणा दोन्हीकडे. किंमत मात्र वेगळी.

विनिमय दराचा इतिहास बहुतेक वेळा मोठ्या चलनांचा लिहिला जातो. रुपयाचा पौंडाशी भाव काय होता हे कुठल्याही वर्षासाठी सापडतं, कारण लंडनची देणी त्यावर ठरत आणि वर्तमानपत्रं तो रोज छापत. दोन लहान चलनांचा आपसातला भाव मात्र कुणी छापत नाही. अभ्यासक तो बसल्या जागी काढतात: एक चलन पौंडात मोजायचं, दुसरं पौंडात मोजायचं, आणि भागाकार करायचा. हिशेब म्हणून यात चूक नाही. पण त्यातून निघणारा भाव कोणत्याही माणसाच्या हातात पडलेला भाव नसतो. माझं सांगणं एवढंच आहे, की सीमेवरच्या माणसाला मिळालेला खरा भाव त्याच्याजवळची रक्कम किती, महिना कोणता आणि तो कोणत्या काठावर उभा आहे, यांवर ठरत होता. एकशे सोळा-दहा-आठ हा त्या भावाचा फक्त मधला बिंदू होता.

आधी हा बिंदू आला कुठून ते पाहू, कारण तो कुणी मनानं ठरवलेला नव्हता.

कलदार रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन शुद्ध चांदी. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं हे माप ठरवलं आणि पुढं शंभरावर वर्षं ते टिकलं. सोनार वजन म्हणून रुपयाच ताजव्यात टाकत ते याच भरवशावर. हाली रुपया थोडा हलका, सुमारे साडेएकशे बहात्तर ग्रेनचा, आणि त्यात चांदी हजारी ८१८. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १४१ ग्रेन. आता १६५ ला १४१ नं भागा. शंभर कलदारांत जेवढी चांदी, तेवढीच जवळपास ११७ हालींत. सरकारी भाव सातास सहा, म्हणजे शंभरास एकशे सोळा आणि दोन तृतीयांश. फरक शंभरामागे चार आण्यांच्या आसपास. याहून प्रामाणिक दर शोधून सापडणार नाही. दोन रुपये ताजव्यात घालून, त्यांचा कस पाहून जो भाव निघाला असता, जवळजवळ तोच भाव सरकारनं मान्य केला होता.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. हाली म्हणजे कमअस्सल नाणं, निजामानं रयतेच्या गळ्यात मारलेलं खोटं चलन, असा समज आपल्याकडे ऐकायला मिळतो. निजामी राजवटीबद्दल राजुऱ्याच्या लोकांच्या मनात जो राग आहे त्याला पुरेशी कारणं आहेत, आणि १७ सप्टेंबर तिथं मुक्तिदिन म्हणून पाळला जातो तो उगाच नाही. पण रागाच्या भरात नाण्यावर अन्याय करू नये. हाली रुपया हलका होता आणि त्याची किंमतही तेवढीच कमी धरली जात होती. लबाडी झाली ती नाण्यात झाली नाही, मोडीत झाली. त्याकडे मी पुढं येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात रुपयांचा नुसता बाजार होता. १७५१ मध्ये गोंड राजांचा चांदा भोसल्यांकडे गेला. नागपूरकरांच्या टांकसाळी चालू होत्या, चांद्यालाही टांकसाळ होती. दक्षिणेकडून निजामी मुलुखातली नाणी येत, औरंगाबादेकडचा गोविंदबख्शी रुपया त्यातलाच एक. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा, आणि जुनं झालेलं नाणं नव्या नाण्याहून उतरत्या भावात. सारा एका ठरावीक रुपयात भरायचा असे. रयतेच्या हातात दुसरा असला तर फरक म्हणून बट्टा. नाणं वाजवून पाहायला पोतदार, बदलून द्यायला सराफ. पूर्वेला बस्तरच्या बाजूला कवडी चालत होती, आणि आत जंगलात लाख, मोहफूल, चारोळी देऊन मीठ आणि कापड घेणाऱ्या माडिया-गोंडांना या सगळ्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. व्यापारी एक पायली मीठ देऊन किती चारोळी नेतो, हाच तिथला विनिमय दर. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या दरांत तो सर्वांत एकतर्फी असावा असं माझं मत आहे.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, चांदा इंग्रजी जिल्हा झाला, आणि कंपनीच्या रुपयानं नागपुरी रुपया हळूहळू बाजूला सारला. १८६० मध्ये निजामाशी झालेल्या तहात गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या काठाचा मुलूख इंग्रजांकडे आला; त्यात सिरोंचा होतं. सिरोंचा आधी अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं होतं, १८७४ मध्ये ते चांद्याला जोडलं गेलं, आणि १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. म्हणजे सिरोंचाच्या माणसानं निजामी रुपयाचा निरोप १८६० नंतर घेतला, राजुऱ्याच्या माणसानं १९५० नंतर. एकाच जुन्या जिल्ह्यातल्या दोन टोकांमध्ये नव्वद वर्षांचं अंतर. या नव्वद वर्षांत उत्तरेला वर्धा आणि दक्षिणेला प्राणहिता ही दोन चलनांची सीमा होऊन राहिली.

निजामी मुलुखातही तोवर बरंच काही बदललं होतं. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ दिवाण होते. त्यांनी ठिकठिकाणच्या टांकसाळी बंद करून नाणं पाडण्याचं काम हैदराबादेत एका जागी आणलं, आणि हाली सिक्का हे राज्याचं एक चलन झालं. आपल्या सीमेपुरतं याचं महत्त्व फार मोठं आहे. पूर्वी राजुऱ्याचा रुपया कोणता, हा प्रश्नच होता. आता उत्तर एक होतं. दोन चलनांमध्ये भाव ठरायचा तर आधी दोनच चलनं असावी लागतात.

तरीही भाव स्थिर नव्हता. दोन्ही चांदीचे असले तरी हंगामात कापूस, जवस, तीळ घ्यायला व्यापारी निजामी मुलुखात उतरले की हालीची मागणी वाढे, हंगाम सरला की घटे. त्यात २६ जून १८९३ ला मोठा धक्का बसला. हिंदुस्थान सरकारनं आपल्या टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, म्हणून रुपया आणि चांदी एका भावात चालत. टांकसाळ बंद झाल्यावर कलदार दुर्मिळ होत गेला आणि त्याची किंमत आतल्या चांदीपेक्षा वर चढली. पुढं ती पौंडाच्या हिशेबात एक शिलिंग चार पेन्सवर ठरली. हाली मात्र चांदीच्याच संगतीत राहिली, आणि चांदी जगभर उतरत होती. साहजिकच शंभर कलदारांना पूर्वीपेक्षा जास्त हाली पडू लागल्या. हैदराबादला मग चलनाची घडी नव्यानं बसवावी लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यंत्रावर पाडलेला, चारमिनारचं चित्र असलेला नवा रुपया आला, पुढं भाव राखायला वेगळी गंगाजळी उभी राहिली, आणि एकशे सोळा-दहा-आठ हा आकडा सरकारी कागदांत घट्ट बसला. उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आल्यावर या चलनाला उस्मानिया सिक्का म्हणू लागले, कागदोपत्री ओ. एस. आणि बी. जी. अशी अक्षरं पडू लागली, एक उस्मानिया सिक्क्याची आणि दुसरी ब्रिटिश सरकारच्या रुपयाची. बाजारात मात्र शब्द हाली आणि कलदार हेच राहिले.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि टंचाई झाली. १९१७ च्या अखेरीस इंग्रज सरकारनं एक रुपयाची नोट काढली. १९१८ मध्ये हैदराबादनं स्वतःच्या नोटा सुरू केल्या, आधी दहाच्या आणि शंभराच्या. उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी या राज्यातल्या भाषांची अक्षरं त्यांवर होती. मराठी अक्षरं असलेली, निजामाच्या नावची नोट ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवी होती. या नोटा लंडनमध्ये वॉटरलो कंपनीत छापल्या जात. १९२२ च्या मे महिन्यात ‘इजिप्त’ नावाचं जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालं, त्यात सोन्या-चांदीबरोबर हैदराबादच्या छापील नोटांचे गठ्ठेही होते. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सोनं वर काढलं, तेव्हा त्या भिजलेल्या नोटाही वर आल्या. आज संग्राहक त्या मोठ्या किमतीला घेतात.

आता मोडीकडे. या पुस्तकाचा जीव या प्रकरणात आहे, म्हणून वाचकानं थोडा हिशेब सोसावा.

सातास सहा हा भाव कलदार हातात धरणाऱ्यासाठी अगदी सुटसुटीत आहे. एका कलदाराला एक रुपया दोन आणे आठ पै हाली. दोनांना दोन रुपये पाच आणे चार पै. तिनांना साडेतीन रुपये. चार आण्यांच्या कलदार नाण्याला चार आणे आठ पै. कुठेही तुटक पै उरत नाही. उलट दिशेनं पाहा. एका हाली रुपयाला तेरा आणे आठ पै कलदार आणि वर पैचे चार सप्तमांश. ही चार सप्तमांश पै कोणत्याच नाण्यात देता येत नाही. शंभर हाली घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला पंच्याऐंशी रुपये अकरा आणे पाच पै मिळाले, तर त्याचा तोटा पैच्या सातव्या हिश्शाएवढा. तो विचारही करणार नाही. पण एक हाली रुपया घेऊन आलेल्या बाईला सराफानं सुटे तेरा आणे हातावर ठेवले, तर तिच्या रुपयातून शेकडा पाचाच्या वर गेले. आणि हालीच्या चार आण्यांना तीन आणे कलदार मिळाले तर गणित आणखी वाईट: खरा भाव तीन आणे पाच पै आणि थोडं वर, म्हणजे बरोबर आठवा हिस्सा बुडाला.

यात सराफानं भाव मोडला असं म्हणता येत नाही. त्यानं मोड पुऱ्या आण्यावर आणली, एवढंच. पण ती नेहमी खालच्या आण्यावर येते. शंभराचा व्यवहार करणाऱ्यासाठी दर ११६.६६, चार आण्यांचा व्यवहार करणाऱ्यासाठी तोच दर १३३. एकाच दिवशी, एकाच ओट्यावर, एकाच सराफाकडे. सरकारी तक्त्यात यापैकी पहिला आकडा तेवढा येतो. म्हणून मला वाटतं, दोन चलनांच्या सीमेवर राहणं हा गरिबावर बसलेला एक न लिहिलेला कर होता, आणि तो रकमेच्या उलट प्रमाणात वाढत जाई.

मजुरीचं पाहा. वर्धेच्या अलीकडे बल्लारपूरची कोळसा खाण, पलीकडे निजामी हद्दीत सास्तीची. दोन्हीकडे रोजी आठ आणे म्हटली, तर ऐकायला सारखीच. हालीचे आठ आणे म्हणजे कलदारचे सहा आणे दहा पै. पलीकडच्या मजुरानं अलीकडच्या बाजारात येऊन मीठ-मिरची घेतली, तर त्याच्या रोजीतला एक आणा दोन पै भाव नेतो, आणि सुट्ट्या आण्यांच्या मोडीत अजून काही जातं. जुन्या मजुरीचे आकडे घेऊन दोन राज्यांची तुलना करणारे अभ्यासक आठ आण्यांसमोर आठ आणे लिहितात तेव्हा निजामी राज्यातली मजुरी ते सहाव्या हिश्शानं फुगवून ठेवतात. ही चूक छापील पुस्तकांतही शिरू शकते, कारण आकड्यासमोर ओ. एस. की बी. जी. हे लिहायला कारकून विसरला की पुढच्या सगळ्यांचाच घोटाळा होतो.

महिन्याचा प्रश्न याहून निराळा. चैत्रात चांद्याला महाकालीची यात्रा भरते. आजही नांदेड, परभणी, आदिलाबादकडून भाविकांची रीघ लागते, झरपट नदीकाठी पोतराजांचे ताफे उतरतात, देवीची गाणी रात्रभर चालतात. हे सगळे मुलूख निजामाचे. म्हणजे चैत्रात हजारो माणसं कमरेला हाली बांधून कलदारच्या गावात येत. नारळ, ओटी, खण, बांगड्या, बैलगाडीच्या बैलांना चारा, सगळं इथल्या रुपयात. एका गावात एका पंधरवड्यात एवढी हाली आली तर तिचा भाव पडणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि या सगळ्या रकमा लहान, म्हणजे मोडीतला तोटा सर्वाधिक. प्राणहितेच्या टोकाला याच्या उलट. सिरोंचासमोर, संगमापलीकडे निजामी काठावर कालेश्वर. महाशिवरात्रीला आणि पुष्कराच्या वर्षी इकडची माणसं नावेतून तिकडे जात, आणि त्यांच्या हातात कलदार. तिथं महाग होणार ती हाली. वर्षाच्या एकाच मोसमात, दोन महिन्यांच्या आत, दोन देवस्थानांपाशी भावाचा कल दोन विरुद्ध दिशांना. एकाच वर्षासाठी एकच आकडा देणाऱ्या कोष्टकात ही हालचाल दिसत नाही, म्हणून पुढच्या पानांत मी दर वर्षाचे न मांडता जागेचे आणि मोसमाचे मांडले आहेत.

मोहर्लीचं या नकाशातलं स्थान थोडं आतलं. इरईच्या पाणलोटातलं हे जंगल १८७९ मध्ये राखीव झालं, आणि चराईची फी असो की बांबूचा परवाना, सरकारशी आलेला प्रत्येक पैसा कलदारातच मोजला गेला. इथल्या माणसाला हाली दिसत असेल ती चांद्याच्या बाजारात किंवा महाकालीच्या गर्दीत. सीमा नदीवर असते, पण तिचा परिणाम नदीपासून किती आत पोचतो हे बाजार ठरवतो, यात्रा ठरवते. मला इथं बसून हा विषय परका वाटला नाही तो त्यामुळं.

गोव्याची एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, कारण मराठी मुलुखाला दुसऱ्या बाजूनंही असंच एक चलन लागून होतं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याची रुपिया कलकत्त्याच्या टांकसाळीत, कलदारच्याच वजनाची आणि कसाची पाडली गेली. तो तह १८९२ मध्ये संपला, तरी एका रुपियाला एक रुपया हीच समजूत पुढं चालली. १९५८ नंतर पोर्तुगालनं रुपिया बंद करून एका रुपियाला सहा एस्कुदो दिले. आता कुणी विचारलं, १९२५ मध्ये गोव्याच्या रुपियाचा हालीशी भाव काय? हिशेबानं उत्तर तयार आहे: सातास सहा. पण पणजीत हाली घेणारा सराफ बसला होता का, आणि राजुऱ्यात रुपियाची नोट कुणी ओळखली असती का? दोन लहान चलनांचा भाव असा गुणाकार-भागाकारानं सहज निघतो आणि तरीही तो कधी अस्तित्वात नव्हता असं होऊ शकतं. जगातल्या अनेक लहान चलनांचे जुने दर आज कोष्टकांत मिळतात, ते बहुतांशी याच जातीचे. कोष्टक वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा: ही दोन नाणी कधी एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती का? हाली आणि कलदार गेली होती, रोज, हजारो वेळा, नावेत, पुलावर, देवळाच्या पायऱ्यांवर. आपल्या सीमेचं मोल त्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धात चांदीचा आधार सुटला. १९४० मध्ये कलदारातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. ज्या चांदीच्या वजनावर सातास सहा बेतलेलं होतं ती चांदीच उरली नाही, तरी भाव तोच राहिला. लोकांना तो पाठ होता, कागदांना त्याची सवय होती. आणि मग चलन राजकारणात ओढलं गेलं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारशी जैसे थे करार झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारनं दोन वटहुकूम काढले: मौल्यवान धातू राज्याबाहेर नेण्यावर बंधन, आणि हैदराबादेत हिंदी चलन कायदेशीर नाही. त्याच सुमारास पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिल्याचं उघड झालं. दिल्लीशी तक्रारी वाढत गेल्या त्यात हे मुद्दे अग्रभागी होते. सीमेवरच्या माणसासाठी पहिल्या वटहुकुमाहून दुसरा जाचक होता. ज्या रुपयाची सातास सहा ही बरोबरी शाळेत शिकवली होती, तो खिशात बाळगणं एकाएकी संशयाचं झालं. याच काळात, ३० जानेवारी १९४८ ला, मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि ती रक्कम लढ्याच्या कामी लावली. मुक्तिसंग्रामावर लिहिताना या रकमेचा आकडा सगळे देतात. ती कोणत्या रुपयात होती हे लिहीत नाहीत. इतिहास लिहिणाऱ्यानं हे लिहायला हवं.

सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ तारखेच्या पोलीस कारवाईनं निजामी सत्ता संपली. चलन लगेच संपलं नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया हैदराबादेत आला तो सातास सहा याच भावानं, आणि १९५१ मध्ये नवी हाली काढणं बंद झालं. हातातली हाली पुढं काही काळ फिरत राहिली. नव्या सरकारनं जुना भाव जसाच्या तसा मान्य केला हे मला फार शहाणपणाचं वाटतं. रातोरात समसमान केलं असतं तर हालीत कर्ज घेतलेला शेतकरी सहाव्या हिश्शानं जास्त देणेकरी झाला असता. भाव पाडला असता तर हालीत साठवणूक केलेली म्हातारी बुडाली असती. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आणे-पैचीही मोजदाद जुन्या वह्यांत राहिली.

या वह्या वाचताना वाचकाला उपयोगी पडेल अशी एक खूण सांगतो. सातास सहा या भावानं कलदारची पूर्ण रुपयांची रक्कम हालीत उतरवली की पैच्या घरात फक्त शून्य, चार किंवा आठ येतात, दुसरा आकडा येऊच शकत नाही. एखाद्या जुन्या चोपडीत पानामागून पान पैच्या घरात हेच तीन आकडे दिसले तर समजावं, की लिहिणारा मूळ रक्कम कलदारात मोजत होता आणि हालीत लिहीत होता. पाच, सात, अकरा पै असे आकडे मिसळलेले दिसले तर व्यवहार मुळातच हालीचा किंवा मुळातच कलदारचा असावा. दुसरी अडचण सालाची. निजामी कागदांवर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. अलीकडच्या काठावरच्या कागदांत इसवी सन, आणि बऱ्याच सावकारी वह्यांत शक किंवा संवत. एकाच घराण्याच्या दोन काठांवरच्या दुकानांच्या वह्या समोरासमोर ठेवल्या तर आधी तारखा जुळवाव्या लागतात, मग रुपया, मग आणे. मोडी लिपी वाचणारं माणूस सोबत असावं हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या पानांत मी जे दिलं आहे ते अपुरं आहे, आणि ते पुरं करणं एकट्याच्या हातचं नाही. राजुरा, कोरपना, जिवती, सिरोंचा, वणी, चंद्रपूर या भागांतल्या जुन्या घरांत माळ्यावर, देवघराच्या फळीवर, जुन्या ट्रंकेत अशा वह्या अजून पडून आहेत. घर पाडून नवं बांधताना त्या रद्दीत जातात. नाण्यांचंही तेच होतं: आजीच्या गळ्यातल्या माळेतले चारमिनारचे रुपये आणि राणीच्या छापाचे रुपये चांदीच्या भावात वितळवले जातात. माझी वाचकांना विनंती आहे, की वही विकण्याआधी तिच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कोणत्या गावची, कोणत्या धंद्याची, कोणाच्या हातची हे मागं लिहावं, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात किंवा सार्वजनिक वाचनालयात एक प्रत द्यावी. माळ विकावीच लागली तर तिच्यातलं एक हाली आणि एक कलदार तेवढं घरात राहू द्यावं.

मोहर्ली, जि. चंद्रपूर